पाण्याला मुऱ्हाळी

या, जरा जवळ बसा. तिकडे दारात नको, इथं माझ्याशेजारी. आधी थोडं रागवून घेते, मग सांगते. तुम्ही नाशिकची माणसं सुट्टीच्या दिवशी गंगापूर रोडनं धरणावर जाता, भिंतीकडे पाठ करून फोटो काढता, तिखटमीठ लावलेलं कणीस खाता आणि घरी येता. एकालाही विचारावंसं वाटत नाही की बाई, हे पाणी इथून पुढे जातं कुठं? माझी सख्खी भाची तसलीच. मी पाटाच्या कडेकडेनं फिरून आले म्हटल्यावर म्हणाली, "मावशी, पाटावर काय बघायचं असतं?" तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. तिनं वाचायचं आणि तुम्हीही.

आमचं गाव चिंचमाळ. सिन्नरच्या पूर्वेला, जिथं ढग नुसते बघून पुढे जातात, त्या अंगाला. पश्चिमेच्या डोंगरात उंबरओहोळ नावाचं धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्याची शेवटची चारी, आणि त्या चारीची शेवटची पोटचारी आमच्या शिवारात संपते. वरची गावं म्हणजे हेडवाले आणि आम्ही टेलवाले. टेल म्हणजे शेपूट. सरकारी माणसंसुद्धा तोंडावर म्हणतात, "काय टेलवाल्या आजी, कसं काय?" आम्ही सवयीनं हसतो.

या दिवाळीनंतर पाणी वापर संस्थेच्या बैठकीत मात्र हसू आलं नाही. संस्था म्हणजे कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी मिळून केलेली, पाणी वाटून घ्यायला. पिंपळदऱ्याचे वामनतात्या तिचे अध्यक्ष. द्राक्षाचे मोठे बागायतदार, गोड बोलणारा माणूस. त्यांच्याशेजारी कालव्याचे तरुण साहेब बसले होते. साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "चिंचमाळला सोडलेलं पाणी पोचतच नाही, वाटेत मुरतं. तेच वर वापरलं तर जास्त रान भिजेल." तात्या म्हणाले, "या खेपेचं पाणी सुटू द्या, हे आवर्तन होऊ द्या, मग बैठक तुमच्याच गावात घेऊ आणि ठराव करून टाकू. चिंचमाळ लाभक्षेत्रातून कमी."

कमी! भाजीतलं मीठ कमी करावं तसं म्हणाले. एकदा लाभक्षेत्रातून, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर हक्क असलेल्या रानातून, नाव गेलं की ते परत येत नाही, हे मी शेजारच्या गावाचं बघितलंय. पोटचारी बुजते, मग तिच्या पाझरावर भरणारी पिण्याची विहीर आटते, मग कांदा जातो, मग माणसं जातात. सिन्नरच्या कारखान्यांत सगळ्यांना थोडंच काम आहे?

मी उठून विचारलं, "पोचत नाही, की पोचू देत नाहीत?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आक्का, बसा. पाण्याला काय तुम्ही धरून आणणार?"

"आणीन," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं.

आता आमच्याकडची रीत सांगते. नियमानं पाणी शेजपाळीनं द्यायचं असतं. शेजाऱ्यामागून शेजारी, आणि सुरुवात शेवटाकडून. आधी टेल भिजवायचं, मग वर सरकत जायचं. नियम झकास आहे. पण पाणी वरून येतं, त्याला वाटेत सगळी गावं लागतात आणि प्रत्येक गावाला तहान आहे. म्हणून आवर्तन सुटलं की टेलची माणसं धरणावर जातात आणि पाण्याबरोबर चालत खाली येतात. लेकीला सासरहून आणायला भाऊ मुऱ्हाळी जातो ना, तसंच. आमच्या गावातून दर वेळी बाप्ये जायचे. आणि दर वेळी पिंपळदऱ्याला त्यांना आग्रह व्हायचा, कोंबडी कापली जायची. कोंबडी शिजेपर्यंत पाणी बागांत शिरलेलं असायचं. घरी येऊन सांगायचे, "या खेपेला पाणीच कमी सोडलं."

मी आणि माझी धाकटी जाऊ शांता, दोघी माळकरी. म्हटलं, या खेपेला मुऱ्हाळी आम्ही. आम्हाला काय कापून घालतील, दुधी भोपळा?

मुलगा म्हणाला, "आई, या वयात लोकांत हसं करून घेशील." मी म्हटलं, "हसू देत. हसणाऱ्याचं लक्ष पाण्यावर नसतं."

उंबरओहोळ

एसटी आणि वडापच्या जीपचं काही सांगत नाही, शांताला घाट लागला एवढं पुरे. जीपमधून उतरलो तर हवाच वेगळी. आमच्याकडे मार्गशीर्षात माळ पिवळा पडतो, इथं झाडांवर अजून हिरवं. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसते धस उरलेले. आणि त्या सगळ्याच्या पुढे भिंत.

काँक्रीटची उंच, करडी भिंत. तिच्याकडे मान वर करून बघताना माझा पदर मागे घसरला. भिंतीवर चढून पलीकडे बघितलं तर डोळ्यांत मावेना एवढं पाणी, शांत, डोंगराच्या पोटापर्यंत शिरलेलं. शांता म्हणाली, "अगं बाई, एवढं? आणि आपल्याला तांब्याभर मिळत नाही?"

तिथल्या पाटकऱ्यानं, म्हणजे दारं उघडबंद करणाऱ्या माणसानं, वाटेकरी सांगितले. आधी पिण्याचं, शहरांचं नि गावांचं. मग कारखान्यांचं. पाऊस बेताचा झाला तर गोदावरीतून खालच्या जिल्ह्यांसाठी सोडायचं, कारण त्यांचंही मोठं धरण भरायचं असतं. उरेल ते शेतीला. शेतीतही टेल शेवटी. मी मनात म्हटलं, पंगतीत आम्ही इतके लांब बसलोय की वाढपी येईपर्यंत भांडंच रिकामं.

दार दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होतं. राहायची सोय पाटकऱ्यानं सोनीबाईकडे लावून दिली. भिंतीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत तिचं कुडाचं घर. वय माझ्याएवढंच असेल, पण चढ अशी चढते की मला लाज वाटावी. तिनं नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी केली, काळीभोर आणि मऊ. सोबत खुरासणीची चटणी आणि वालाचं कालवण. आमची बाजरी कडक थंडीत बरी, पण नागली पोटात गेली की जिवाला शांत वाटतं. चटणीची कृती मी विचारून घेतली. घरी दोनदा केली, जमली नाही. खुरासणी तिकडचीच हवी.

जेवताना मी विचारलं, "शेत कुठंशी आहे तुमचं?"

तिनं हात धुतले, दारात नेऊन धरणाकडे बोट केलं. "तं तठं. ती बाभळीची शेंडी दिसती का, तिच्या खाली. भात लय चांगला व्हायचा."

पाण्याखाली. ती पुढे म्हणाली, "बदल्यात वर मुरमाड दिलं. पावसाळ्यात जरा पिकतं. दिवाळी झाली का आमची पोरं तुमच्याकडं खाली जात्यात, द्राक्षाच्या कामाला, कांदा लावायला. इथं समोर पाणी हाय, पण वर चढवायला आमाला परवानगी नाय." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडं तरी बरं पिकत आसल?"

शांतानं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं. पण ज्या बाईचं शेत बुडालंय, तिच्या दारात बसून कसं बोलणार? म्हटलं, "आमच्याकडे पोचतच नाही. आमचं नाव कमी करायला निघालेत."

सोनीबाई जी कडाडली! "पोचत नाय? मंग आमचं बुडवलं कशापायी? तवा साहेब बोलला व्हता का नाय, खाली सुक्या माळाला पाणी जाईल, लोकं जगतील? माझ्या सासऱ्यानं त्याच्यावर हात जोडले. आन आता तू सांगती पोचत नाय? तू काय करती मग तठं बसून?"

अहो, मी गाऱ्हाणं घेऊन निघालेली बाई, आणि इथं माझीच हजेरी घेतली गेली. पण खरं सांगते, त्या रागानं मला जेवढं बळ आलं तेवढं कुणाच्या गोड शब्दानं आलं नसतं. तोवर मी आमच्या कांद्यासाठी भांडत होते. आता सोनीबाईच्या भाताचंही माझ्या गळ्यात आलं.

पाण्याच्या पुढे

सकाळी पाटकऱ्यानं दाराचं चाक फिरवायला घेतलं. आधी करकर झाली, मग खालून घुसमटल्यासारखा आवाज, आणि मग फेसाळत पाणी कालव्यात पडलं. शांतानं पिशवीतून हळूच नारळ काढला.

"हे कधी घेतलंस?"

"सिन्नरलाच. पाण्याची ओटी नको का भरायला?"

"भांडायला चाललोय आणि ओटी भरतेस?"

"भांडून आणलेल्या सुनेची काय ओटी भरत नाहीत?" म्हणाली आणि नारळ फोडलासुद्धा. खोबरं पाटकऱ्यालाही दिलं.

कोरड्या कालव्यात पहिलं पाणी कसं येतं हे एकदा बघाच. फार जोरात नाही, आपल्या चालीनंच येतं. तोंडाशी सुका पाला, काटक्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाची तरी एक चप्पल, असा सगळा कचरा ढकलत. मागं पाणी गढूळ, चहासारखं. कालव्याच्या भरावावर चालायला रस्ता आहे, त्यावरून आम्ही पाण्याच्या बरोबरीनं निघालो. शांताचा गुडघा बोलायला लागला की उसाच्या ट्रॅक्टरला हात करायचा आणि पुढे जाऊन पाण्याची वाट बघत बसायचं. जसजसे खाली उतरलो तसे डोंगर मागे पडले, भात संपला, ऊस आला, टोमॅटो आले, मग नजर पोचेल तिथवर द्राक्षांचे मांडव.

पिंपळदऱ्याला वामनतात्या स्वतः भरावावर उभे. "या आक्का, या! बाप्ये दमले वाटतं चिंचमाळचे?"

"दमले नाहीत, जेवूनच आडवे झालेत. अजून मागचीच कोंबडी पचतेय."

तात्या मोठ्यानं हसले. त्यांच्या चारीचं दार बंद होतं, मी वाकून बघितलं. चहा दिला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. "आधी टेल, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. आम्ही खूश होऊन पुढे निघालो. इथंच चुकलो.

कुंभारखेडं

रात्री कुंभारखेड्याच्या देवळात राहिलो. पहाटे उजाडता उजाडता भरावावर आले तर काय, कालव्यात दोन जाडजूड डोंगळे टाकलेले! डोंगळा म्हणजे रबरी पाइप. पाण्यानं भरून एक तोंड कालव्यात टाकलं, दुसरं भरावापलीकडे सोडलं की मोटारीवाचून पाणी आपोआप ओढलं जातं. चोरीची सगळ्यात सोपी रीत. "सापडले!" म्हटलं. शांताला हाक मारली, दोघींनी जोर लावून पाइप ओढून बाहेर काढले आणि वेटोळी करून वर बसलो, चोर येईल म्हणून.

चोर आले. आठ-दहा बाया, हातात हंडे.

"ए म्हातारे! गावतळ्याचे पाइप काढले का तू?"

गावतळं म्हणजे त्यांच्या प्यायच्या पाण्याचं तळं. रीतसर मंजुरी, पिण्याचं पाणी, सगळ्यात पहिला हक्क! माझी जी बोबडी वळली. "टेलची आहे गं मी, चिंचमाळची. मला वाटलं..."

"काय वाटलं? आम्ही घसा कोरडा ठेवून तुझा कांदा भिजवायचा?"

माफी मागितली. पाइप परत टाकायला मीच लागले. दोन्ही तोंडांना हात लावून भरलेला पाइप उचलायचा म्हणजे तरणा अजगर उचलायचा. निम्मं पाणी माझ्या लुगड्यात. ते बघून त्या हसायला लागल्या, आणि हसल्यावर मग चुलीशी नेऊन बसवलं, ज्वारीची गरम भाकरी आणि कांद्याच्या पातीचा झुणका दिला. त्यांच्यातली एक, मंगल म्हणून, जिनं मला म्हातारी म्हटलं होतं, तिनंच मला कोरडं लुगडं नेसायला दिलं.

आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडत आलं, "पाइप वारा ओढतोय! कालवा उतरला!"

धावत गेलो. खरंच, कडेच्या ओल्या रेघेखाली पाणी सरकलं होतं. वर कोणीतरी दार उघडलं होतं. कोणी, ते मला ज्योतिषाला विचारायची गरज नव्हती. आमची पाठ वळायची वाट बघत बसला होता, चहावाला!

मंगल म्हणाली, "मावशी, पिंपळदऱ्याला परत जायचं?"

"जायचं."

चाकावर

ट्रॉलीत आम्ही दोघी आणि कुंभारखेड्याच्या बाया. पिंपळदऱ्याच्या चारीचं दार सताड उघडं, पाणी बागांत धावत होतं. आम्हाला बघून तात्यांचा माणूस पळाला. दाराचं चाक फिरवायला गेले तर त्याला कुलूप, किल्ली तात्यांकडे. मग मी काय केलं, दाराच्या वरच्या चौथऱ्यावर चाकाला टेकून बसले, दार लागेपर्यंत उठायचं नाही म्हणून. शांता शेजारी. बाकीच्या चारीच्या दोन्ही कडांना.

तात्या आले. या वेळी हसत नव्हते. "आक्का, हे बरं दिसतं का? बाग फुगवणीला आहे. आत्ता पाणी नाही मिळालं तर मणी बारीक राहील, व्यापारी हात लावणार नाही. मी वर राहतो म्हणून चोर का?"

बोलणं अगदी खोटं नव्हतं. बागेला पाणी लागतं, मला कळतं. मी म्हटलं, "वर राहता म्हणून नाही, दार उघडलंत म्हणून. तुमची पाळी आमच्या नंतर. आणि या बायांचं पिण्याचं तोडलंत, त्याचं काय?"

"तुमच्या माळात निम्मं मुरतं हो!"

"मुरतं ते आमच्या विहिरीत मुरतं. तुमच्या विहिरींवरच्या मोटारी काय आभाळातून उपसतात?"

बायांत खसखस पिकली. तात्या चिडले. "बसा मग! बघू किती बसता."

बसलो. ऊन चढलं. तात्यांच्या घरून ताटं आली, झाकलेली, वास दूरवर. मी म्हटलं, "दार लागल्यावर जेवू." शांतानं ताटाकडे असं बघितलं की मला तिची दया आली, पण हलली नाही. तात्या येरझाऱ्या घालत होते, फोन करत होते. शेवटी कंटाळून समोर येऊन बसले. तेव्हा मी त्यांना सोनीबाईचं सांगितलं. ती बाभळीची शेंडी, खालचं भाताचं खाचर, सगळं. म्हटलं, "तिनं विचारलंय, पोचत नाही तर आमचं बुडवलं कशाला. तात्या, मी तिला काय सांगू? द्राक्षं फुगवणीला होती, हे सांगू? तुम्हीच चला, तिच्या दारात उभं राहून सांगा. तिचीच पोरं तुमच्या बागेत छाटणीला येतात."

तात्या विरघळले बिरघळले नाहीत, तसं समजू नका. पण त्यांनी खिशातून किल्ली काढून मंगलच्या पुढ्यात टाकली. "तुमचं भिजलं की दुसऱ्या मिनिटाला उघडणार."

"उघडा की. तुमच्या पाळीला मी स्वतः येईन चाक फिरवायला," मी म्हटलं.

मग जेवलो. जेवण उत्तम होतं, उगाच खोटं कशाला सांगू. कुंभारखेड्याच्या दोघी दारापाशी राखणीला राहिल्या आणि आम्ही पुन्हा पाण्याच्या मागे लागलो.

चिंचमाळ

दुसऱ्या दिवशी पोटचारीत पाणी शिरलं तेव्हा दुपार कलत होती. फार नव्हतं. तळाशी चार बोटं, अडखळत, प्रत्येक भेगेत थांबत येणारं. मुलगा फावडं घेऊन पुढे पुढे पाला काढत होता. जो मला हसं होईल म्हणाला होता तोच. शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं आणि काळी भेगाळलेली माती चर्र आवाज करून पिऊ लागली.

आवर्तन संपल्यावर ठरलेली बैठक तिथंच, पोटचारीच्या कडेला झाली. साहेब आले, त्यांचे बूट चिखलात रुतले. वामनतात्याही आले. साहेब म्हणाले, "आजी, या वेळी तुम्ही पाळत ठेवलीत म्हणून पोचलं."

"म्हणजे पोचतं," मी म्हटलं. "वाटेत मुरत नाही. एवढंच तुमच्याकडून ऐकायचं होतं. आता सांगा, ठराव कशाचा करायचा?"

तात्यांनी घसा खाकरला. कुंभारखेड्याची मंगल उभी राहिली, "चिंचमाळ कमी केलं की पुढचं टेल आम्ही. मग आमचा नंबर. आमचा हात वर होणार नाही." मधल्या गावांच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं. शेपूट तोडलं की नवं शेपूट तयार होतं. ठरावाला विचारलं तेव्हा हात खालीच राहिले. साहेबांनी जाहीर केलं, ठराव तहकूब, उन्हाळी आवर्तनात पुन्हा बघू.

गावातल्या बाप्यांनी जिंकल्यासारखा गुलाल काढला. मी तो परत डब्यात ठेवायला लावला. तहकूब म्हणजे रद्द नव्हे. उन्हाळ्यात धरण उतरलेलं असेल, द्राक्षं गेली तरी ऊस असेल, आणि तेव्हा चार बोटं पाणीसुद्धा इथवर आणायला याच्या दुप्पट भांडावं लागेल. त्यांना वाटतंय म्हातारी एकदा चालली, पुन्हा चालणार नाही. शांताचा गुडघा खरंच सुजलाय, त्याला निर्गुडीचा पाला बांधलाय. तरी ती म्हणते, मी ट्रॉलीत बसून येईन, पण येईन. कुंभारखेड्याच्या येणार आहेत. मधल्या दोन गावांतल्या बायांनीही निरोप पाठवलेत.

म्हणून तुम्हाला बोलावते आहे. घरी या, पाहुण्यासारखं नव्हे, हक्कानं. बाजरीची भाकरी आणि ताजा कांदा मी देईन, झोपायला गोधडी देईन. चपला मात्र जाड तळाच्या आणा, भरावावर काटे फार. आणि उशीर करू नका. पाणी सुटायच्या आधी या.